सूरसवाल: हा बँड की धर्मशाळा?

प्रश्न: मी हौशी तबलजी, साठी ओलांडलेला. मुलगा सुट्टीला आला की किंग क्रिमझन नावाचा इंग्लिश बँड लावून बसतो. त्याच्याकडच्या रेकॉर्डी पाहिल्या, तर दर दोन-तीन वर्षांनी माणसं वेगळीच. हा बँड आहे की धर्मशाळा? आणि तबल्याच्या माणसानं यात ऐकायचं काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर: धर्मशाळा म्हणालात ते अगदीच खोटं नाही. फक्त तिचा राखणदार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होता: गिटारवाला रॉबर्ट फ्रिप. रॉकच्या मंचावर सगळे नाचत असताना हा गृहस्थ स्टुलावर बसून वाजवायचा.

13 जानेवारी 1969 ला लंडनमधल्या एका कॅफेच्या तळघरात यांची पहिली तालीम झाली. जुलैत हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात अफाट गर्दीसमोर वाजवलं, ऑक्टोबरात पहिली रेकॉर्ड आली आणि नाव झालं. डिसेंबरात, अमेरिकेच्या दौऱ्यावरच, सॅक्सोफोन-बासरीवाला इयन मॅकडोनाल्ड आणि ड्रमर मायकल जाइल्स यांनी ‘आम्ही निघालो’ म्हणून सांगून टाकलं. मीच बाहेर पडतो, बँड तुम्ही चालवा, असं फ्रिपनं म्हणून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. गायक ग्रेग लेकही लवकरच दुसरा बँड काढायला गेला. म्हणजे बारसं आणि काडीमोड एकाच वर्षात.

पुढची दोन-अडीच वर्षं मोट बांधण्यात आणि ती सुटण्यात गेली. त्यावर मी वेळ घालवणार नाही.

खरी गंमत 1972 पासून. बिल ब्रुफर्ड हा ड्रमर ‘येस’ या तेव्हाच्या गाजत्या बँडमधून, तोही ऐन भरात असताना, इकडे आला. सोबत जॉन वेटन बास गिटारवर आणि गाण्याला, डेव्हिड क्रॉस व्हायोलिनवर, आणि जेमी म्यूर नावाचा अवलिया, जो साखळ्या नि पत्रेसुद्धा वाजवायचा. म्यूर काही महिन्यांतच सगळं सोडून स्कॉटलंडमधल्या तिबेटी बौद्ध मठात गेला.

तुम्ही तबलजी, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नोव्हेंबर 1973 मध्ये ॲमस्टरडॅमला भर मैफलीत या मंडळींनी आयत्या वेळी सुचेल तसं एक शांत वादन केलं. ब्रुफर्ड काठ्या छातीशी आडव्या धरून बसून राहिला. एकही ठोका नाही. पुढे ते वादन ‘ट्रिओ’ नावानं रेकॉर्डवर आलं तेव्हा रचनाकारांत त्याचंही नाव घातलं गेलं, न वाजवल्याबद्दल! आपल्याकडे साथीला बसलेले किती जण हे करतील, सांगा.

1974 मध्ये ‘रेड’ तयार झाली. मॅकडोनाल्ड पाहुणा म्हणून तीत वाजवून गेला, तो कायमचा परत येणार असं घाटत होतं. आणि रेकॉर्ड दुकानात पोचायच्या आत फ्रिपनं बँड बरखास्त केला. चाहते अजून हळहळतात. मला विचाराल तर योग्य वेळी उठला. त्याच वळणाच्या इतर बँडनी पुढे जे लांबण लावलं ते ऐकवत नाही.

सात वर्षांनी, 1981 मध्ये, फ्रिप आणि ब्रुफर्ड दोन अमेरिकनांना घेऊन पुन्हा उभे राहिले: गिटारवर एड्रियन बल्यू आणि बासवर टोनी लेविन. बँडचं नाव आधी ‘डिसिप्लिन’ ठरलं होतं. मग जुनंच घेतलं आणि ‘डिसिप्लिन’ रेकॉर्डला दिलं. तीतलं ‘फ्रेम बाय फ्रेम’ तुमच्यासाठी. दोन गिटारी एकच सातची आकृती वाजवत असतात. मग एक जण आवर्तनातली अर्धी मात्रा गाळतो. दोघं हळूहळू एकमेकांपासून सरकतात, कान गोंधळतो, आणि ठरल्या जागी बरोब्बर समेवर येतात. हातानं टाळी धरून ऐका, मुलाला उगाच बोललो असं वाटेल.

नव्वदीत सहा जणांचा संच होता. दोन गिटारी, दोन बास, दोन ड्रमर. मला तो गोंगाट वाटतो. 2014 पासून मात्र मंचाच्या पुढच्या रांगेत तीन ड्रमर आणि बाकीचे मागे उंचावर, ही मांडणी झकास. तिघं कामं वाटून घ्यायचे. एकाचा ठोका दुसऱ्यावर चढत नसे. प्रेक्षकांना फोटो काढायची बंदी. शेवटी लेविननं स्वतःचा कॅमेरा काढला की तेवढ्यापुरती सूट. डिसेंबर 2021 मध्ये टोकियोत हा दौरा संपला.

प्रश्न: किंग क्रिमझनची गाणी बरीच वर्षं ऑनलाइन सापडत नव्हती, ते का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: जुन्या व्यवस्थापन कंपनीशी हक्कांवरून फ्रिपची लढाई वर्षानुवर्षं चालली. तिच्यात पोळल्यावर 1992 मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली आणि मालकी कलाकाराचीच हे सूत्र धरलं. फुकटात वाटायला तो राजी नव्हता. 2019 मध्ये, पन्नाशीच्या निमित्तानं, सगळं खुलं केलं. सुरुवात ‘रेड’मधल्या शेवटच्या ‘स्टारलेस’नं करा, बारा मिनिटांचं आहे. मध्ये गिटार कितीतरी वेळ एकाच स्वरावर अडून बसते आणि खालून तेराचा ठेका चालतो. मिरजेच्या काकांनीही मोजून पाहावा.