"मी फसलेच कशी?"

"मॅडम, मी रोज हिशेबाचं काम करते. एका आकड्याची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. मग मी फसलेच कशी?" समोर बसलेल्या बाईंना पैसे गेल्यापेक्षा हा प्रश्न जास्त छळत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. झोप उडाली होती, फोन वाजला की छातीत धडधडायचं.

मी त्यांना तो प्रसंग सावकाश सांगायला लावला. त्या खरंच एका पार्सलची वाट बघत होत्या. कामाच्या गडबडीत मेसेज आला: पत्ता अपुरा आहे, आजच दुरुस्त करा, नाहीतर पार्सल परत जाईल. लिंक उघडली, किरकोळ शुल्कासाठी कार्डाचा नंबर दिला, ओटीपी टाकला. ओटीपीच्या मेसेजमध्ये भलीमोठी रक्कम स्पष्ट लिहिलेली होती. त्यांनी वाचले ते फक्त 6 आकडे.

असा मेसेज एकाच वेळी असंख्य लोकांना जातो आणि त्यातले काही जण नेमके पार्सलची वाट बघत असतात. यात अक्कल कमी पडली असं नसतं. घाई आणि धास्ती एकदम आली की पडताळून बघायचं भानच राहत नाही. 2013 ते 2015 या काळात एका भामट्याने खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून 10 कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली होती. हे सांगितल्यावर बाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

मग तो मेसेज आम्ही दोघींनी मिळून वाचला. लिंकच्या सुरुवातीला कुरिअर कंपनीचं ओळखीचं नाव होतं. पण साइट कुणाची, हे ठरतं पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या (/) लगेच आधीच्या नावावरून, आणि तिथे भलतंच काही होतं. "पण साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसत होतं ना?" त्यांनी विचारलं. कुलपाचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी माहिती वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की चोर, ते त्यावरून कळत नाही. माझ्या मते सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मेसेजमधल्या लिंकवरून जायचंच नाही, कंपनीचं ॲप आपण स्वतः उघडायचं.

मला खरी काळजी होती त्यांच्या गप्प राहण्याची. दोनच दिवसांपूर्वी त्यांना फोन आला होता: "बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा." त्या भरणारच होत्या. लाजेपोटी कुणाला न सांगणारा माणूस अशा दुसऱ्या फसवणुकीत सहज सापडतो. कार्ड अजून चालूच होतं. माझ्यासमोर बसूनच त्यांनी कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करून ते बंद करवलं, नंतर सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली.

पुढच्या वेळी त्या यजमानांना सोबत घेऊन आल्या. त्यांना मी एकच विनंती केली: "असं कसं केलंस" हे आता विचारू नका, तक्रारीचे कागद घेऊन यांच्या शेजारी बसा.