आकड्याशेजारी मोजणारा लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रवांडाचे राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांच्यावरचे तुझे दोन्ही मसुदे वाचले. पहिल्यात राजधानी किगालीचे स्वच्छ रस्ते, २००८ची प्लास्टिक पिशव्यांवरील बंदी आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी होणारे ‘उमुगांडा’ हे श्रमदान यांनी तू भारावली आहेस. दुसऱ्यात त्याच माणसाला निव्वळ हुकूमशहा ठरवले आहेस, आणि सोबत विचारले आहेस की कोणता रवांडा खरा मानायचा. दोन्ही मसुद्यांत उणीव एकच आहे. आकडे भरपूर आहेत, पण ते कोणी मोजले हे एकदाही आलेले नाही.

एप्रिल १९९४ अखेर मी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. पहिल्या पानावर दक्षिण आफ्रिकेतील मतदारांच्या लांबलचक रांगेचे छायाचित्र लागले होते. किगालीची बातमी मी चार ओळींत कापून आतल्या पानाच्या तळाशी लावली आणि मथळा दिला, ‘रवांडात टोळीयुद्ध सुरूच, हजारो बळी’. ते टोळीयुद्ध नव्हते, तुत्सी या अल्पसंख्याक समाजाचा ठरवून केलेला वंशसंहार होता. सुमारे शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने, आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. रवांडाचे सरकार हा आकडा दहा लाखांवर नेते. आमचा तिथे वार्ताहर नव्हता, पान सोडण्याची वेळ झाली होती, परदेशी वृत्तसंस्थाही तसेच शब्द वापरत होत्या. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही हेच केले असते, असे मी आजही स्वतःला सांगतो. तरी ‘हजारो’ हे कोणाच्या मोजणीने, एवढे मी विचारायला हवे होते. तेव्हापासून मी या एका गोष्टीवर अडून बसतो, म्हणून तूही बस.

आता तुझेच आकडे घे. पाच वर्षांखालील बालमृत्यूचे प्रमाण २०००च्या पाहणीत हजारी १९६ होते, ते २०१९-२०मध्ये ४५वर आले. ही पाहणी घरोघर जाऊन, आईला तिच्या प्रत्येक बाळाविषयी विचारून होते, आणि हीच पद्धत इतर अनेक देशांत वापरली जाते. हा आकडा मी मानतो. त्यामागे गावोगावचे आरोग्यसेवक आणि सामूहिक आरोग्य विमा आहे, आणि ते श्रेय कागामे यांना देताना हात आखडू नकोस.

गरिबीचा आकडा मात्र असा सरळ नाही. सरकारी हिशेबाने ती २०१०-११मधील ४४.९ टक्क्यांवरून २०१३-१४मध्ये ३९.१ टक्क्यांवर आली. पण दारिद्र्यरेषा ज्या अन्नाच्या हिशेबावर काढतात तो हिशेबच मध्ये बदलला होता. जुन्या पद्धतीने मोजले तर गरिबी वाढलेली दिसते, असे काही अभ्यासकांनी मांडले आणि सरकारने ते फेटाळले. त्यात ‘इमिहिगो’ची भर घाल. या पद्धतीत जिल्ह्याचे महापौर राष्ट्राध्यक्षांशी वार्षिक उद्दिष्टांचा करार करतात. त्यामुळे कामे झाली हे खरे, पण ज्याची खुर्ची आकड्यावर अवलंबून आहे त्याच्या आकड्याची तपासणी कोणी केली, हे शोधल्याशिवाय तो लेखात घेऊ नकोस.

मतांचेही तसेच. कागामे यांना २०१७मध्ये ९८.७९ टक्के आणि २०२४मध्ये ९९.१८ टक्के, एवढे लिहून तू थांबली आहेस. २०२४मध्ये त्यांच्या विरोधक डियान र्विगारा यांचा अर्ज नाकारला गेला आणि दुसऱ्या विरोधी नेत्या व्हिक्तोआर इंगाबिरे यांना न्यायालयाने निवडणुकीचा मार्ग मोकळा करून दिला नाही, हे त्याच वाक्यात यायला हवे. शेजारच्या काँगोतही, तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या एम-२३ बंडखोरांच्या बाजूने रवांडाचे ३,००० ते ४,००० सैनिक असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२४मध्ये दिला. जानेवारी २०२५मध्ये पूर्व काँगोतील गोमा शहर या बंडखोरांच्या हाती पडले. तज्ज्ञगटाचा उल्लेख गाळून हा आकडा लिहिलास तर तोही कच्चाच राहील.

आणि ‘समतोल’ हा शब्द मला पुन्हा लिहू नकोस. अर्धी स्तुती आणि अर्धी निंदा शिवून लेख होत नाही. तू मेहनती आहेस, म्हणूनच इतके रागावतो आहे.

तिसरा मसुदा रविवारपर्यंत पाठव. सुरुवात रस्त्यांपासून नको. दारात आलेल्या अनोळखी पाहणी कर्मचाऱ्यासमोर आपल्या गेलेल्या बाळाचे वय आठवून सांगणाऱ्या आईपासून कर.