‘पर्यंत’साठी ‘बाय’ की ‘टिल’?

प्रश्न : कार्यालयात मला इंग्रजीतून पत्रे लिहावी लागतात. ‘अहवाल शुक्रवारपर्यंत देईन’ असे कळवताना मी ‘टिल फ्रायडे’ लिहिले, तेव्हा साहेबांनी ते खोडून ‘बाय फ्रायडे’ केले. ‘शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ या वाक्यातले माझे ‘टिल’ मात्र त्यांनी तसेच ठेवले. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च असताना हा भेद ओळखायचा कसा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या साहेबांचे दोन्ही निर्णय योग्य आहेत, आणि आपली अडचणही खरी आहे, कारण मराठीतले एकच ‘पर्यंत’ इंग्रजीतल्या दोन वेगळ्या प्रीपोझिशनांचे काम करते. म्हणून ‘पर्यंत’कडे न पाहता क्रियापदाकडे पाहावे. रजा ही शुक्रवार येईतो सलग चालू राहणारी स्थिती आहे, तेथे ‘टिल’ येते. अहवाल देणे ही एकदाच घडून संपणारी क्रिया आहे आणि शुक्रवार ही तिची मुदत आहे, तेथे ‘बाय’ येते. शंका वाटल्यास ‘पर्यंत’च्या जागी ‘उशिरात उशिरा’ घालून पाहावे. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी अहवाल देईन’ हे वाक्य सरळ लागते, म्हणून ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी रजेवर आहे’ याला काही अर्थच राहत नाही, म्हणून ‘टिल’.

नकारार्थी वाक्यात मात्र विशेष जपावे, कारण तेथे दोन्ही शब्द चालतात आणि अर्थ बदलतो. ‘आय वोन्ट सबमिट इट टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत अहवाल मिळणार नाही, त्यानंतर मिळेल. ‘आय वोन्ट सबमिट इट बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारची मुदत पाळली जाणार नाही. कार्यालयीन पत्रात हा फरक फार महागात पडू शकतो.

‘पासून’ची गोष्टही अशीच आहे. ‘2019 पासून’ असा आरंभबिंदू सांगताना ‘सिन्स’ येते, पण ‘पाच वर्षांपासून’ यात कालावधी सांगितलेला असल्यामुळे ‘फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणावे लागते. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ही आपल्याकडच्या अर्जांत हमखास आढळणारी चूक आहे. या दोन्ही ठिकाणी ‘आय अ‍ॅम वर्किंग’ नव्हे, तर ‘आय हॅव बीन वर्किंग’ लिहावे.

काही ठिकाणी मात्र अशी कसोटी नसते, तेथे क्रियापद आणि त्याचे प्रीपोझिशन ही जोडीच पाठ करावी लागते. मराठीत लग्न एखाद्या‘शी’ होते म्हणून आपण ‘मॅरीड विथ’ लिहून जातो, पण इंग्रजीत ते ‘मॅरीड टू’ असते; आपण विषया‘वर’ चर्चा करतो, पण ‘डिस्कस’ या क्रियापदापुढे विषय थेट येतो आणि मध्ये ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ काहीच लागत नाही. वहीत नुसते ‘डिस्कस’ न टिपता ‘डिस्कस द रिपोर्ट’ असे पूर्ण टिपून ठेवावे.