'न्यायवैद्यक रसायनशास्त्र' म्हणावे का?

प्रश्न असा आहे : एका महिला शास्त्रज्ञांचा परिचय मराठीत लिहायचा आहे. त्यांनी आधी लहान मुलांच्या कर्करोगावर आणि नंतर फॉरेन्सिक केमिस्ट्री या विषयात संशोधन केले. यासाठी 'त्यांची कारकीर्द बालपणीच्या कर्करोगापासून न्यायवैद्यक रसायनशास्त्रापर्यंत पसरलेली आहे' असे वाक्य योजले आहे. ते बरोबर आहे का?

माझ्या मते या वाक्यात तीन ठिकाणी दुरुस्ती हवी आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची 'न्यायवैद्यक' या शब्दाची आहे. वैद्यक म्हणजे वैद्याचे शास्त्र, आणि न्यायवैद्यक म्हणजे न्यायदानाच्या कामी येणारे वैद्यक. शवविच्छेदन, जखमांची तपासणी, वयाची निश्चिती ही सारी डॉक्टरांची कामे त्यात येतात. संशयास्पद मृत्यूत डॉक्टर व्हिसेरा (शरीराच्या आतील अवयवांचे नमुने) राखून ठेवतात आणि तो बरणीत मोहोरबंद होऊन प्रयोगशाळेत जातो, तिथपर्यंत न्यायवैद्यक. त्यापुढे त्याचे रासायनिक पृथक्करण करून विष ओळखणारा माणूस वैद्य नसतो, रसायनतज्ज्ञ असतो. म्हणून 'न्यायवैद्यक रसायनशास्त्र' म्हटले की रसायनशास्त्राला विनाकारण वैद्यकाच्या पोटात घातल्यासारखे होते, आणि जळिताच्या राखेतले पेट्रोल किंवा खोट्या दस्तऐवजावरची शाई तपासणाऱ्यांना तर तो शब्द मुळीच लागू पडत नाही.

'फॉरेन्सिक'च्या मूळ लॅटिन शब्दात वैद्यकाचा मागमूसही नाही. रोमच्या ज्या सार्वजनिक चौकात खटले चालत त्याला फोरम म्हणत, आणि त्यावरून आलेल्या विशेषणाचा अर्थ 'न्यायसभेशी संबंधित' एवढाच आहे. मराठीत त्यासाठी चांगला शब्द शोधत बसण्याचीही गरज नाही, कारण अशा तपासण्या करणाऱ्या महाराष्ट्र शासनाच्या खात्याचे नावच 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय' असे आहे. वृत्तपत्रे मात्र त्याच प्रयोगशाळेला सर्रास 'न्यायवैद्यक प्रयोगशाळा' म्हणतात, याचे मला वाईट वाटते. पोलीस आणि वकील तिच्या अहवालाला 'सीए रिपोर्ट' म्हणतात. त्यातला सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे बोलीभाषेनेही हे काम रसायनतज्ज्ञाचे आहे ही आठवण जपली आहे. तेव्हा 'न्यायसहायक रसायनशास्त्र' हाच शब्द वापरावा.

'बालपणीचा कर्करोग' यात अडचण वेगळी आहे. 'बालपणीचा मित्र' म्हटले की आज मोठा झालेला माणूस मागे वळून बोलतो आहे असे वाटते. संशोधनाचा विषय मात्र आज आजारी असलेले मूल आहे. 'बालरोग' या रुळलेल्या शब्दाच्या धर्तीवर 'बालकर्करोग' चालेल, पण 'मुलांना होणारे कर्करोग' हे अनेकवचन मला अधिक नेमके वाटते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळतात ते रक्ताचे कर्करोग, आणि तंबाखूमुळे मोठ्यांना होणारे तोंडाचे वा फुप्फुसाचे कर्करोग त्यांच्यात क्वचितच दिसतात. म्हणजे मोठ्यांचाच रोग लहान शरीरात झाला, असे ते नसते.

'पसरलेली' हे क्रियापद इंग्रजी वळणाचे आहे. मराठीत साथ पसरते, बातमी पसरते; कारकीर्द घडते किंवा गाजते.

हे दोन विषय एकमेकांपासून फार दूर आहेत असे परिचयात सुचवू नये, असेही मला मनापासून वाटते. सोमलाचेच, म्हणजे आर्सेनिक या विषाचेच, उदाहरण घ्या. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ जेम्स मार्श यांनी 1836 मध्ये सोमल ओळखण्याची संवेदनशील चाचणी प्रसिद्ध केली आणि 1840 मध्ये फ्रान्समध्ये पतीला विष दिल्याचा आरोप असलेल्या मारी लाफार्ज यांच्या खटल्यात मात्यू ऑर्फिला यांनी तिच्या आधारे मृताच्या शरीरात सोमल असल्याची साक्ष दिली. (ऑर्फिला स्वतः पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेचे प्रमुख होते, वैद्यक आणि विषपरीक्षा यांची गल्लत होण्यामागे असा इतिहासही असावा.) तेच आर्सेनिक ट्रायऑक्साइड आज रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर, प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर, मुलांनाही औषध म्हणून दिले जाते. शरीरात एखादे द्रव्य किती आहे हे अचूक मोजण्याचे कौशल्य रुग्णालयात लागते आणि न्यायालयासाठीही लागते.

म्हणून मी वाक्य असे लिहीन : 'त्यांनी आरंभी मुलांना होणाऱ्या कर्करोगांवर संशोधन केले आणि पुढे न्यायसहायक रसायनशास्त्र हे आपले कार्यक्षेत्र निवडले.' शीर्षकात जागा कमी असेल, तर पहिल्या भागासाठी 'बालकर्करोग' घ्यावा. 'न्यायसहायक' मात्र तिथेही पूर्ण लिहावा.