हर्णैला जाते आहेस ना, मग तिथी बघून जा

प्रिय बेटा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, पण उत्तर दोन ओळींत देण्यासारखं नव्हतं म्हणून आज दुपारी निवांत बसून लिहिते आहे. पहिला पगार झाला आणि तू स्वतःच्या पैशांनी समुद्र बघायला निघाली आहेस, तेही गोवा सोडून कोकणात हर्णैसारख्या छोट्या बंदरावर, ह्याचा मला किती आनंद झाला सांगू! आई काळजी करते आहे ते साहजिक आहे, तिच्याशी मी बोलते, ते माझ्यावर सोड.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांचं कोकण म्हणजे कसं असतं माहितीये ना. पेशव्यांच्या काळात कोणीतरी पूर्वज इकडे माळव्यात आला, आडनाव आणि कुलदैवत तेवढं तिकडचं राहिलं, मग मुंज नाहीतर लग्न झालं की गाडी करून गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, येताना कुठेतरी बीचवर अर्धा तास, एक थाळी, कोकम सरबताच्या बाटल्या आणि परत. आम्हीही वर्षानुवर्षं हेच केलं. दर्शनाबद्दल माझं काही म्हणणं नाही, मनापासून जावं. पण त्या अर्ध्या तासात समुद्र कळत नाही गं, आणि समुद्रावर जगणारं गाव तर मुळीच कळत नाही. म्हणून पहिली विनंती ही की तीन रात्री एकाच ठिकाणी रहा. सुट्टी चार दिवसांची असेल तर गणपतीपुळे आणि मालवण ह्या खेपेला राहू दे.

जायचं कसं ते आधी सांगून टाकते. अवंतिका एक्सप्रेसने रात्री निघ, सकाळी मुंबई सेंट्रलला उतरशील, एसटीचा डेपो जवळच आहे, तिथून दापोलीची गाडी मिळते. सहा-सात तास धर. कोकण रेल्वेने येणार असशील तर खेडला उतरायचं आणि तिथून दापोली तासभर. दापोलीला जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात, इंग्रजांची छावणी होती म्हणून, कोणी कॅम्पात सोडतो म्हणालं तर गोंधळू नकोस. दापोलीहून हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर. रोख पैसे दापोलीतच काढून घे, पुढे एटीएमचा भरवसा नाही, आणि बंदरावर रेंज गेली की फोनवरचे पैसे फोनवरच राहतात.

आता खरं सांगायचं ते. आपण नदीवाली माणसं. महेश्वरच्या घाटावर बसलं की नर्मदा एका दिशेने जाते, सकाळी बघा की संध्याकाळी बघा, पायरीशी तिचं पाणी पावसाळा सोडला तर साधारण तिथेच असतं. समुद्राचं तसं नाही, तो दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो, आणि त्याची येण्याची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. हे शाळेत आपण सगळेच शिकतो, मीच तुम्हाला शिकवलं असेल. पण 1998 साली आम्ही पहिल्यांदा दापोलीजवळ मुरुडला गेलो तेव्हा हे माझ्या डोक्यात कुठेच नव्हतं. सकाळी साडेआठला भाड्याची गाडी थेट वाळूवर नेली, ओली वाळू कशी डांबरी रस्त्यासारखी घट्ट लागते, सगळे खूश, गाडी तिथेच लावून आम्ही कर्द्याकडे चालत गेलो, शंख-शिंपले वेचले, आणि अकराला परत येऊन बघतो तर पाणी दारापर्यंत आणि चारही चाकं वाळूत रुतलेली. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, तिची चप्पल लाटेवर तरंगत होती. मला अजून तो क्षण आठवला की छातीत धडधडतं. गावातली आठ-दहा माणसं दोर घेऊन धावत आली, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी गाडी ओढली, आणि एक पैसा घेतला नाही. काठावर उभी असलेली एक आजी मात्र मला रागावली. म्हणाली, "आज पुनव ना बाय, घरात पंचांग नाय का तुमच्या?"

त्याच आजीने मला संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसवून हिशेब शिकवला, तो तुला देते. तिथीची पाऊणपट कर, तो भरतीचा तास. म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि संध्याकाळीही सहाच्या सुमारास. पंचमीला पावणेचार. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आमची गाडी बरोबर तेव्हाच पाण्यात होती बघ. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेवढं सोडून दे. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी खूप वर चढतं आणि खूप लांब ओसरतं, अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा फरक कमी. आपल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावरून चतुर्थी-एकादशी बघतो, तेच तिकडे माणसाला पाण्यात कधी उतरायचं आणि कधी नाही ते सांगतं. मला हे कळलं त्या दिवसापासून तिथी हा शब्दच वेगळा ऐकू यायला लागला.

आता हर्णैचा दिवस असा लाव. दुपारी झोप काढ आणि चारच्या सुमारास बंदरावर जा. होड्या परतायला लागतात, पण धक्क्याला न लागता पाण्यात लांबच उभ्या राहतात, आणि मासळी आणायला बैलगाड्या सरळ पाण्यात जातात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात, शांत, लाट आली की नुसती मान वर करतात. मग वाळूवर लिलाव सुरू होतो. ढीग ओतला की बायका गोल करून उभ्या राहतात, बोली इतकी भराभर चढते की आकडे कळेपर्यंत माल उचलला गेलेला असतो, बाजूला बर्फ फोडायचा आवाज, टोपल्या, गाड्या, आरडाओरडा. तू मध्ये उभी राहू नकोस. एका कडेला थांब, पायात चिखल-पाणी चालेल अशा चपला घाल, आणि नाकाला रुमाल लावू नकोस. हे मी कळकळीने सांगते आहे. तो वास त्यांच्या घामाचा आणि भाकरीचा आहे, तुझ्या एका रुमालाने समोरच्या बाईचं तोंड कसं उतरतं ते मी पाहिलेलं आहे. फोटोसुद्धा विचारून काढ, लिलाव चालू असताना तर काढूच नकोस, त्या वेळी त्यांचा दिवसभराचा हिशेब ठरत असतो. गर्दी पांगली की त्याच बायका हसून फोटो देतात.

घाऊक लिलाव आटपला की कडेला वाटे लावून बसलेल्या मावश्या असतात. "मावशी, वाटा केवढ्याला?" असं विचारायचं. आपल्या राजवाड्याच्या बाजारात करतो तशी घासाघीस थोडी चालते, पण उगाच अर्ध्यावर आणू नकोस. तुला मासळीतलं काही कळत नाही हे सरळ सांग, मला तर ह्यानेच सगळं मिळालं. एका मावशीने माझा अंगठा धरून पापलेटच्या गालावर दाबून दाखवला, पांढरं पाणी आलं, म्हणाली हे ताजं, लाल आलं तर घ्यायचं नाय. मग सुरमईचा कल्ला उचलून आतला लालभडक रंग दाखवला, डोळा बघ म्हणाली, आत बसलेला नको. तिचे हात बर्फाने पांढरे पडलेले आणि बोटांवर काट्यांच्या बारीक रेषा, त्याच हातांनी ती मला शिकवत होती, मागे गिऱ्हाईक उभं असताना. तू घरी मासे खात नाहीस मला माहितीये. नाही खाल्लेस तरी हरकत नाही, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, गूळ-खोबऱ्याचे उकडीचे मोदक ह्यावर चार दिवस मजेत निघतात, फक्त ज्या घरी उतरशील तिथे आदल्या दिवशी सांगून ठेव. तिकडे घरगुती जेवण सांगितल्याशिवाय शिजत नाही.

उतर एखाद्या कुटुंबाच्या घरीच. एकट्या मुलीला तेच बरं, आणि रात्री ओट्यावर बसलं की गप्पा आपोआप होतात. मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद असते, माशांचा अंडी घालायचा काळ आणि समुद्रही खवळलेला, त्या दोन महिन्यांत घर कसं चालतं ते विचार. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या परत निघतात, तेव्हाचं ऐक. कोणी एलईडीवाल्यांबद्दल चिडून बोलेल, म्हणजे रात्री प्रखर दिवे लावून मासळी एका जागी गोळा करून उचलणारे मोठे ट्रॉलर. 2017 मध्ये केंद्राने त्याच्यावर बंदी घातली आहे, तरी छोट्या होडीवाल्यांची तक्रार संपलेली नाही. तू तिथे मत देऊ नकोस, फक्त ऐक.

आणि 3 जून 2020. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आलं, दापोलीच्या किनाऱ्यावर माडा-पोफळींच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. मी दुसऱ्या वर्षी गेले तेव्हा आम्ही नेहमी उतरतो त्या घरामागे नुसतं आभाळ दिसत होतं, जिथे आधी भर दुपारी अंधार असायचा. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, माडालाही तसाच वेळ. तुला वाडीत एका उंचीची कोवळी झाडं रांगेत दिसतील, ती त्यानंतर लावलेली. घरातली आजी एकेका झाडाला हात लावत माझ्याशी बोलत होती, कुठलं सासऱ्यांनी लावलं होतं, कुठलं तिने. मी तेव्हा काय बोलणार, नुसती तिच्याबरोबर फिरले.

हर्णैसमोर समुद्रात असलेला सुवर्णदुर्ग किल्ला नक्की बघ. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले त्यात हा आहे. मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्या हातून 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून घेतलेला, आपल्याच माणसांनी परक्याला बरोबर घेऊन आपलंच आरमार मोडायला सुरुवात केली ती इथून, हे मला अजून सलतं. त्या तटाकडे बघताना हे आठव. होडी कधी सुटेल हे होडीवाला ठरवणार, पाणी आणि वारा बघून, "आज नाय" म्हणाला तर जास्त पैसे देऊन आग्रह करू नकोस. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गाच्या टोकावर दीपस्तंभ आहे, संध्याकाळी तिथून सगळं बंदर खाली दिसतं. एक सकाळ आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला ठेव. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलीस तर आंजर्ल्याला किंवा वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेही बघायला मिळेल, पण पिल्लं त्या दिवशी निघतीलच असं नाही, निघाली नाहीत तर चिडायचं नाही.

पोहण्याबद्दल एकदाच लिहिते, आणि ह्यात तडजोड नाही. तू तरणतलावात पोहतेस ते पुरेसं नाही. गुडघ्यापर्यंत पाणी, बस. ओहोटी लागलेली असताना पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, आणि माणसालाही. जिथे गावातली पोरं उतरत नाहीत तिथे तू उतरायचं नाहीस. आपल्याकडची किती तरुण मुलं दरवर्षी समुद्राची मजा करायला जातात आणि पेपरात त्यांचे फोटो येतात, मला ती बातमी वाचवत नाही.

बॅगेत थोडी जागा ठेव. ज्या घरी उतरशील तिथे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आपली लसणाची शेव अर्धा किलो आणि थोडं दालमोठ घेऊन जा. मी नेलं होतं तर आम्ही उतरतो त्या घरातल्या आजीने डब्यात भरून वर फळीवर ठेवलं, पाहुणे आले की काढायचं म्हणून. येताना तुझ्या घरचं कोणीतरी तुला सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, नाहीतर आमसुलं देईल, नको म्हणू नकोस.

तिकीट काढलंस की तारीख कळव. मी कालनिर्णय घेऊन बसते आणि तुझ्या चारही दिवसांच्या भरतीच्या वेळा काढून पाठवते. पण आधी तू स्वतः काढून बघ, मग दोघींचे आकडे जुळवू.

तुझी,
बाई