पुणे-भोर-वरंध-महाड-महाबळेश्वर-वाई हा लूप रोड बाईकवर, म्हणजे सायकलवर, तीन दिवसांत होतो का? कुठल्या दिशेने करावा, आणि वाटेतल्या गावांत थांबण्यासारखं काही आहे का?

होतो. तीन दिवस व्यवस्थित पुरतात. मी दोन्ही दिशांनी केलाय आणि पहिल्यांदा चुकीच्या दिशेने केला म्हणूनच लिहायला बसलेय. थांबण्यासारखं काही आहे का हे तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंत, पण मला तोच खरा प्रश्न वाटतो, कारण माझं माहेर वाई आणि माझ्या आईचं माहेर मेणवली, म्हणजे तुम्ही ज्यांना वाटेतली गावं म्हणताय ती माझी गावं आहेत.

आधी दिशा सांगते. पुण्याहून कापूरहोळ, भोर, वरंध घाट उतरून महाड, मग पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पसरणी घाट उतरून वाई आणि घरी. असाच करा, उलटा करू नका. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळजवळ १३०० मीटर चढ आहे, सरासरी काढली तर तीन-साडेतीन टक्के, म्हणजे दम टिकवून चढता येतो. पण तोच उतरताना वळणामागून वळण येतं, हाताला विश्रांतीच नाही. पसरणी त्या मानाने छोटा, पाचगणी ते वाई बारा-तेरा किलोमीटर, रस्ता रुंद, खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी समोर दिसत राहतं. उतरायचा घाट म्हणजे तो.

आता मी हे एवढं ठासून का सांगतेय ते. डिसेंबर २०१८, आम्ही चौघं, त्यात मी एकटीच बाई. आमच्या लीडरने (नाव घेत नाही) लूप दोन दिवसांत बसवला होता आणि तोही उलटा, पहिल्या दिवशी पुणे-वाई-महाबळेश्वर-पोलादपूर, एकशेसाठ किलोमीटर. पहाटे साडेचारला निघालो, खंबाटकी घाट चढून साडेनऊला वाईत. मी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं की वाईत अर्धा तास लागेल, आईने थालीपीठं लावलीयत, आणि जमलं तर मेणवलीला जाऊन येऊ, तीन किलोमीटर तर आहे. तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. वाईत पोचल्यावर लीडर घड्याळ बघून म्हणाला, "ताई, आपण राईडला आलोय, माहेरपणाला नाही."

बाकीचे दोघं हसले. मी काहीच बोलले नाही, ते आजही मनात आहे. आईला फोन केला की घरी येत नाही, तर ती गुडघे दुखत असताना ढोल्या गणपतीजवळच्या पुलापर्यंत चालत आली आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली चार थालीपीठं माझ्या हातात दिली. मी ती जर्सीच्या मागच्या खिशात कोंबली आणि निघाले. दोन मिनिटंसुद्धा नाही थांबले हो.

महाबळेश्वरला पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि घाटात तर त्याच्याही आधी अंधारतं, झाडी दाट. तरी पुढे जायचंच ठरलं. वाडा कुंभरोशी, म्हणजे प्रतापगडाच्या पायथ्याचं गाव, तिथे एक मिनिट थांबलो, चहासुद्धा नाही, वर गड दिसत होता, १६५९ मध्ये अफजलखानाची भेट जिथे झाली ती जागा इथून एवढीशी लांब आणि आम्ही पाण्याच्या बाटल्या भरून पसार. पुढचा उतार मला नवीन, रस्ता धड दिसत नाही, रिम ब्रेकची (चाकाच्या रिमलाच घासून थांबणारी) सायकल, पंचवीस मिलिमीटरचे टायर त्यात हवा ठासून भरलेली, आणि पुढचे तिघं दिसेनासे झालेले. मी भीतीने ब्रेक दाबूनच धरून उतरत होते. रबर जळाल्यासारखा वास येत होता, तोही कळत होता, पण थांबले तर आणखी मागे पडेन या विचाराने थांबले नाही. आणि एका वळणावर बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला.

नशीब की डोंगराच्या बाजूला पडले. कोपर फुटलं, हेल्मेटला काही नाही. पुढची ट्यूब फुटली होती, रिमला बोट लावलं तर चटका बसला, इतकी तापली होती. दुसरी ट्यूब होती माझ्याकडे, ती घातली, पंप मारायला लागले तर टायरच्या बाजूला दोन बोटं फाटलेलं, तिथून ट्यूब फुग्यासारखी बाहेर यायला लागली. फाटलेल्या जागी आतून दहाची नोट किंवा बिस्किटाच्या पुड्याचा कागद दुमडून लावला तर हळूहळू का होईना गावापर्यंत जाता येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही आता लक्षात ठेवा. मोबाईलला रेंज शून्य.

थोड्या वेळाने महाडकडे जाणारी एसटी आली. मी हात केला, ड्रायव्हरने थांबवली. कंडक्टरने काही न विचारता सायकल आत घेतली, मागच्या सीटजवळ आडवी टाकली, लगेजचं तिकीट फाडलं, आणि सुटं पुढचं चाक ठेवायला जागा नाही म्हणून खिडकीशी बसलेल्या एका आजींनी ते सरळ मांडीवर घेतलं. नऊवारीतल्या, सत्तरीच्या असतील. हात फिरवून म्हणाल्या, "अगं अजून कोमट हाय की गं हे." मग माझं कोपर बघितलं, स्वतःच्या पिशवीतलं फडकं काढून बांधलं. कुठल्या तुम्ही विचारलं तर म्हणाल्या उमरठ, आणि मला ठाऊक नसेल असं वाटून पुढे जोडलं, तानाजीचं. घरातलंच कोणी असावं तसं. मी खिशातली थालीपीठं काढली, पार चपटी झालेली, दोघींनी दोन-दोन खाल्ली. आईची थालीपीठं मी त्या दिवशी शेवटी बसून खाल्ली ती एसटीत, चाक मांडीवर घेतलेल्या अनोळखी बाईबरोबर.

पोलादपूरला तिघं चहाच्या टपरीवर. लीडरचं पहिलं वाक्य, "एवढा वेळ? ब्रेकिंग शिकून घ्या." आणि हे वाक्य तो अजून ग्रुपवर सांगतो, की ताईंचं टेक्निक चुकलं. हो, चुकलं, मान्य आहे. ब्रेक दाबून धरायचा नसतो, वळणाआधी जोरात दाबून वेग मारायचा आणि सोडून द्यायचा म्हणजे रिमला वारा लागतो. पण माझं टेक्निक अंधारात चुकलं, आणि अंधार झाला तो अर्धा तास वाचवायच्या नादात केलेल्या प्लॅनमुळे. नवीन घाटात, संध्याकाळी, रिम ब्रेकवाल्या माणसाला एकटं मागे सोडून पुढे जाणाऱ्याला लीडर म्हणत नाहीत. लीडरची जागा सगळ्यात मागे. तुम्ही कुठल्या ग्रुपबरोबर जाणार असाल तर हे निघायच्या आधी विचारून घ्या, सायकल कुठल्या कंपनीची हे नंतर बघा.

जानेवारी २०२० मध्ये भाचीला घेऊन सरळ दिशेने केला, तीन दिवस. पहिल्या दिवशी भोरवरून नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने, वाघजाईला भजी-चहा, वरंध उतरून महाडला मुक्काम, सव्वाशे किलोमीटरच्या पुढेमागे होतं. महाडला चवदार तळ्यावर सकाळी गेलो, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी जिथून पाणी घेतलं ते, लॉजवरून सायकलने पाच मिनिटं, आणि सायकलवाले बहुतेक न बघताच हायवेला लागतात हे मला फार खटकतं. दुसऱ्या दिवशी वाकडी वाट करून उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी गेलो. त्या आजींचं नाव विचारायचं राहून गेलं होतं, त्यामुळे गावात कोणाला विचारणार, नुसती समाधीपाशी बसले थोडा वेळ. मग आंबेनळी. चढायला आम्हाला सहा तास लागले, मध्ये चार वेळा थांबलो, आणि भीती एकदाही वाटली नाही. या बाजूने चढलात की सावित्रीच्या कडेने वर जाता आणि दुसऱ्या दिवशी कृष्णेच्या कडेने खाली येता, दोन्हींचा उगम वर क्षेत्र महाबळेश्वरला एकाच देवळात मानतात, एक अरबी समुद्राला जाते, दुसरी बंगालच्या उपसागराला. ते सायकलवर पायांना कळतं.

तिसऱ्या दिवशी पसरणी उतरून (शाहीर साबळ्यांचं गाव खालीच आहे) थेट मेणवली. आई रिक्षाने येऊन घाटावर बसली होती. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा बघा, पण आधी घाटावर जा. तिथली घंटा चर्चची आहे, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली त्या मोहिमेतून आलेली, वर १७०७ साल कोरलंय आणि मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. भाची आकडे वाचत होती तर आई म्हणाली, "मी लग्न होईपर्यंत इथे धुणं धुतलं, पण वर मान करून हे कधी वाचलंच नव्हतं." मग तिघी मिळून वाचलं. सव्वा तास थांबलो. धोमला नरसिंहाच्या देवळात कासवाच्या पाठीवरचा नंदी आहे तोही बघायचा होता, आईचे गुडघे दुखायला लागले म्हणून राहिला.

वाईहून पुण्याला येताना घाट चढायला लागत नाही, बोगदा आहे, पण मागचा लाल लाईट चालू पाहिजे आणि बोगद्यानंतरच्या एस वळणावर ट्रक जोरात येतात, तिथे कडेने आणि सावकाश.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पावसाळ्यात वरंध दरडींमुळे बरेचदा बंद असतो, निघायच्या आधी भोर किंवा महाडला फोन करून विचारा, आणि उतरताना खराब पट्टे लागतात म्हणून तिथेही वेग नको. तुमच्याकडे डिस्क ब्रेक असतील तर माझी ट्यूब फुटण्याची गोष्ट तुम्हाला तेवढी लागू नाही, तरी अंधारात आंबेनळी उतरू नकाच. शनिवार-रविवार महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावर गाड्यांची रांग असते, सकाळी सातच्या आत निघा. टायर अठ्ठावीसचे तरी घाला. बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब असतील तर पितळी अडॅप्टर जवळ ठेवा, म्हणजे स्कूटरच्या पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते. कॅसेटबद्दल (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) बरेच जण मोठं चक्र अठ्ठावीस दातांचं असलं तरी होतं म्हणतील, पण पुढे पेडलपाशी चौतीस दातांची छोटी चेनरिंग आणि मागे चौतीस लावा, आंबेनळीत शेवटचे दहा किलोमीटर गुडघे वाचतील. राहायला महाडला लॉज सहज मिळतात, महाबळेश्वरला सुट्टीत महाग, आधी बुक करा. आणि वाईत मुक्काम करायचा असेल तर आणखी एक दिवस धरा, मग धोमही होईल.