तुळई लपवू नका, तिला जोडीदार द्या

तुम्ही दिलेली मापं आधी पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचं कशाबद्दल आहे ते वाचणाऱ्या प्रत्येकाला कळेल. बैठकीची खोली १० बाय १४ फूट, फरशीपासून स्लॅबपर्यंत साडेनऊ फूट. खिडकीच्या भिंतीपासून ४ फुटांवर आडवी गेलेली एक तुळई, स्लॅबखाली ९ इंच उतरलेली. मधोमध पंखा. कंत्राटदाराने काढून दिलंय ते असं : दोन पायऱ्यांचं फॉल्स सीलिंग, मधल्या खोलगट भागात गडद लाकडी पट्ट्या, चारही बाजूंनी लपवलेला उजेड आणि शिवाय १६ डाउनलाइट, म्हणजे छतात बसवलेले, सरळ खाली उजेड टाकणारे दिवे. आणि तुमचा प्रश्न, की यासाठी पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) घ्यावं की जिप्सम बोर्ड.

त्याचं उत्तर देतो, पण ते शेवटी. कारण मला आराखडाच पटलेला नाही.

आधी उंची बघा. तुळई पूर्ण झाकायची म्हणजे कडेचं छत ९ इंचांच्या खाली न्यावं लागणार. त्यात सांगाडा आणि बोर्डाची जाडी धरली की एक फूट गेला. कडेला उरले साडेआठ फूट. राहायला चालतील हो, पण तुळई डोळ्यांत खुपते म्हणून सगळं छतच तिच्या पातळीला आणायचं, हे मला कधीच उमगलेलं नाही. पंख्याचंही गणित बिघडतं. पाती फरशीपासून किमान ७ फूट वर हवीत हे सगळे पाळतात, पण पात्यांच्या वरही हवा ओढायला साधारण फूटभर मोकळी जागा लागते हे विसरतात. खोलगट भागात वर चढवलेला पंखा तिथलीच हवा घुसळत बसतो आणि खाली वारा लागत नाही म्हणून आपण रेग्युलेटर पिळत राहतो. पाती कडेच्या छताच्या खाली यायलाच हवीत.

दुसरी गोष्ट, लाकडी पट्ट्या आणि लपवलेला उजेड हे एकमेकांच्या मुळावर उठणारे आहेत. कोव्हमधला, म्हणजे छताच्या कडेच्या कट्ट्यात लपवलेला, दिवा आपल्याला दिसत नाही, दिसतो तो छतावर आपटून खाली येणारा उजेड. म्हणजे छत हाच खरा दिवा. त्याला पांढरा मॅट रंग असेल तर बहुतेक उजेड परत येतो. गडद लाकूड असेल तर ते तो गिळून टाकतं आणि वर नुसती पिवळट रेघ उरते. मग उजेड पुरत नाही म्हणून डाउनलाइट वाढतात. तुमचे १६ मला तसेच आलेले दिसतात. लाकडावर चकचकीत पॉलिश असेल तर आणखी मजा, एलईडी पट्टीचा ठिपका न् ठिपका आरशासारखा दिसतो. आणि त्या १६ पैकी जे पात्यांच्या वर येतील ते पंखा चालू झाला की लुकलुकत राहतील. वाचत बसणाऱ्या माणसाचं डोकं अर्ध्या तासात उठतं.

आता मी काय करीन ते सांगतो. तुमची मापं परत वाचा : तुळई एका टोकापासून ४ फुटांवर. दुसऱ्या टोकापासूनही ४ फुटांवर तशीच एक पोकळ खोटी तुळई बसवा. १४ फुटांचे ४, ६ आणि ४ असे तीन भाग झाले आणि पंखा मधल्या भागाच्या बरोबर मध्यावर आला. इतकी नीट विभागणी सहसा नशिबात नसते. जी तुळई आज चुकून राहून गेल्यासारखी दिसते, ती जोडीदार मिळाल्यावर मुद्दाम केलेली वाटेल.

खोटी तुळई रुंदीला, खोलीला आणि गिलाव्याच्या पोताला खऱ्या तुळईसारखीच हवी. सांगाडा थेट स्लॅबमध्ये अँकर मारून टांगायचा, नुसत्या गिलाव्याच्या भरवशावर नाही. जिथे ती स्लॅबला आणि भिंतीला टेकते तिथे पुट्टीने सांधा बुजवायच्या फंदात पडू नका. दोन वेगळी साहित्यं वेगवेगळी आकुंचन-प्रसरण पावतात, तडा जाणारच. त्यापेक्षा तिथे मुद्दाम बारीक, सरळ खाच ठेवा. खाच रचनेचा भाग वाटते, तडा निष्काळजीपणा वाटतो.

उजेडासाठी फक्त दोन आखूड भिंतींवर कट्टे काढा. स्लॅबखाली ६ इंच उतरलेला कट्टा, त्याची पुढची कड २ इंच, वर ४ इंच मोकळे. त्याहून कमी ठेवलं तर उजेड पसरत नाही, भिंतीजवळच पट्टा मारतो. पट्टी दुधी झाकण असलेल्या अॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवा, उजेडाची छटा २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या पुढे. कट्ट्यापासून तुळईपर्यंतचा भाग उजळेल आणि उजेड तुळईपाशी थांबेल. मधला भाग थोडा शांत राहील, तिथे पंखा असल्याने ते बरंच. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर मात्र हात पोचेल अशा ठिकाणी ठेवा. सगळ्यात आधी तोच दगावतो आणि तेव्हा सीलिंग कापायची वेळ येऊ नये.

नक्षीची हौस उरली असेल तर तिन्ही भागांत स्लॅबवरच पातळ मोल्डिंगच्या चौकटी करा. अर्धा-पाऊण इंच जाडी पुरते, सावलीची एक रेघ पडली की काम झालं. तुम्ही शेवटी खोल चौकटींच्या छताबद्दल विचारलंय, त्याला माझा नकार आहे. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरात घुमटाच्या आत २८-२८ चौकटींच्या पाच रांगा आहेत, पण तो घुमट ४३ मीटर व्यासाचा आहे आणि त्या खळग्यांनी काँक्रीटचं वजनही कमी केलंय. १० फुटी खोलीत तेच केलं की अंड्यांच्या ट्रेखाली बसल्यासारखं वाटतं. पुढेमागे कुठे केलंच तर एक लक्षात ठेवा : मध्यावर पंखा किंवा झुंबर असेल तर दोन्ही दिशांना चौकटींची संख्या विषम हवी, नाहीतर हूक नेमका पट्टीवर किंवा फुलीवर येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. सरळ पृष्ठभाग आणि पेटीसारखे आकार असतील तर जिप्सम बोर्ड, वळणदार नक्षी किंवा साच्यातली फुलं असतील तर पीओपी. मुळात दोन्ही जिप्समच. जिप्सम तापवून त्यातलं पाणी बरंचसं उडवलं की पीओपीची भुकटी होते आणि पाणी घालून ती थापली की पुन्हा जिप्सम. दोघांचा शत्रूही एकच, ओल. वरून गळतीची शंका असेल तर आधी ती निस्तरा. बोर्ड पाणी पिऊन फुगतो आणि लोंबतो. तुमच्या नव्या आराखड्यात खोटी तुळई आणि दोन कट्टे एवढंच काम आहे, सगळं सरळ रेषेतलं. तेव्हा बोर्ड.

सांध्यांवर कागदी टेप लावून घेतलीच पाहिजे, आणि ती लागताना समोर उभे राहा. हे अनुभवाचे बोल आहेत. माझ्याकडे दिवसा छत आरशासारखं सपाट दिसायचं आणि संध्याकाळी कोव्ह लावला की प्रत्येक सांधा बरगडीसारखा वर यायचा. मी रंगाला दोष देत दोनदा रंग काढला. दोष सांध्यांचा होता. छताला घासून जाणारा उजेड काहीही लपवत नाही. म्हणून शेवटच्या हाताआधी अंधार करा, टॉर्च छताला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि सगळी छाननी करून पेन्सिलने खुणा करा. मिस्त्री कुरकुरेल, कुरकुरू द्या. बोर्ड लावण्याआधी सांगाड्याचे आणि वायरींचे फोटोही काढून ठेवा.

खोटी तुळई पटत नसेल तर पुठ्ठ्याची खोकी चिकटवून त्या मापाची एक बनवा, दोऱ्याने टांगा आणि चार दिवस तिच्याखाली वावरा. आणि एक सांगा : तुळईची ती ९ इंच खोली गिलावा धरून आहे का, आणि तिची रुंदी किती आहे? रुंदी ९ इंचांहून जास्त असेल तर मधला भाग आणखी आकसतो, मग पात्यांच्या व्यासाचा पुन्हा विचार करावा लागेल.